ग्रंथालय सापडले नाही

"आवश्यक ग्रंथालय सापडले नाही. कृपया ग्रंथालय स्थापन करा अथवा प्रशासकाशी संपर्क साधा."

मी हे वाक्य मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि कागद टेबलावर आपटला.

"यावरून कुणाला काही कळतंय का? स्थापन करा म्हणे! फीत कापायला कुणाला बोलवायचं तेही लिहायचं होतं."

समोर दोघेजण बसले होते. एक आमचे साहेब. पाठीमागे आम्ही त्यांना 'थोडक्यात' म्हणतो, कारण कुणी तोंड उघडलं की ते हात वर करतात आणि म्हणतात, "थोडक्यात सांगा." दुसरा नवरदेव. त्याचं लग्न अजून व्हायचंय, पण रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून आणि सेंट मारून तो असा येतो, की वरात बाहेर थांबली असावी. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी एक प्रोग्रॅम बनवते. स्कॅनमध्ये काढलेली चित्रं डॉक्टरांच्या पडद्यावर दाखवणं हे त्याचं काम. तो प्रोग्रॅम लिहितो नवरदेव. त्यातले शब्द, म्हणजे पडद्यावर माणसाला जे वाचायला मिळतं ते, माझ्याकडे. पण हे ग्रंथालयाचं वाक्य माझ्या आधीचं. कुणा भाड्याच्या भाषांतरकाराने शब्दकोशात 'लायब्ररी' शोधलं, 'ग्रंथालय' मिळालं, ते चिकटवलं आणि मोकळा झाला.

प्रोग्रॅमवाल्यांची लायब्ररी म्हणजे पुस्तकांची खोली नव्हे. दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम आपला प्रोग्रॅम आयतं वापरतो, त्याला ते लोक लायब्ररी म्हणतात. आपल्या घरातला दिवा बदलायला शेजारच्यांची शिडी आणावी, तसं. शेजारी कुलूप लावून गेले की आपला दिवा राहिला. माझं म्हणणं साधं होतं. अशा वेळी पडद्याने सांगावं की काय बंद पडलंय, कशामुळे, काय शाबूत आहे, आता काय करता येईल आणि कुणाला फोन करायचा.

"हे अर्धा पडदा खाईल," साहेब म्हणाले. "लोक वाचत नाहीत हो. थोडक्यात लिहा. 'काहीतरी चूक झाली. पुन्हा प्रयत्न करा.' विषय संपला."

"पुन्हा प्रयत्न केला की शिडी उगवते का, साहेब?"

"आणि लायब्ररी नाही असं होतंच कुठे? नवरदेव, होतं का?"

"माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय," नवरदेव म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य. लग्नपत्रिकेतही छापेल.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनीचा होता. कामाच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून मी उचलला.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. ती एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. सर्जनला लागणारी चित्रं संगणकावर उघडून समोरच्या मोठ्या पडद्यावर लावायची, हे तिचं काम. प्रोग्रॅम आमचाच. घरी ती मला त्यावरून चिडवते, की दिवसभर तुझंच तोंड बघत असते.

"अगं, ग्रंथालय म्हणजे काय?" ती म्हणाली.

मला हसूच फुटलं. "वहिनी, तुला कुणी सांगितलं गं, आम्ही आत्ता इथे..."

"हसू नकोस. टेबलावर पेशंट आहे."

तिचा आवाज सपाट होता. मी फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"डोक्याला मार लागलाय," ती सांगू लागली. "आत रक्त साचतंय. कुठे साचलंय ते चित्रात बघून मगच उघडता येतं, आणि चित्र काही उघडत नाही. सकाळी तुमची नवी आवृत्ती आली, तेव्हापासून एकही उघडलेलं नाही. ग्रंथालय सापडले नाही, एवढंच येतंय. प्रशासकाशी संपर्क साधा म्हणालं, म्हणून मी आमच्या प्रशासकांना फोन लावला. ते म्हणाले, आपल्याकडे ग्रंथालय नाहीच, वाचनालय आहे, दुसऱ्या मजल्यावर, आणि आज ते बंद असतं. किल्ली आणायला माणूस पाठवलाय त्यांनी."

नवरदेवाने डोकं हातात धरलं. मला लाज वाटली आणि तेवढाच रागही आला. वहिनी अडाणी नाही, तो प्रशासकही नाही. आम्ही जे लिहिलं होतं तेच त्यांनी केलं.

"स्कॅनवाले काय म्हणतात?"

"ते म्हणतात आम्ही चित्र पाठवलंय. आम्ही म्हणतोय सापडत नाही. मघापासून दोन्हीकडून भांडण चाललंय की हरवलं कुणी."

तिच्या मागून एक बाईमाणसाचा, हुकूम सोडणारा आवाज आला. "पुरे झालं. पेशंट परत खाली न्या. पुन्हा स्कॅन करा."

"नेऊ नका!" मी ओरडले. "वहिनी, त्यांना सांग, चित्र हरवलेलं नाही! चित्र तुमच्याकडे सुखरूप आहे. ते उलगडून दाखवणारा आमचा एक तुकडा यायचा राहिलाय. ते ग्रंथालय म्हणजे तोच तुकडा. बाकी सगळं जागेवर आहे."

"चित्र आहे?"

"आहे!"

"मग तसं लिहायचं ना गं!" वहिनी ओरडली. लग्न होऊन आल्यापासून तिने माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. मग तिने तोंड फिरवून सांगितलेलं ऐकू आलं, "बाई, चित्र आहे. उघडायची अडचण आहे फक्त."

"किती वेळ?" सर्जनबाई म्हणाल्या. "मला तेवढंच सांगा. खाली नेऊन आणण्यात पेशंट हातचा जाईल. इथे नुसतं थांबलो तरी जाईल."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. नवरदेव पळत जाऊन आपला लॅपटॉप घेऊन आला. राहिलेला तुकडा त्याच्याकडे होता, अर्थातच होता, म्हणून तर त्याच्याकडे व्यवस्थित चालत होतं. पण तिकडे पोचवायचा कसा? थिएटरमधला संगणक बाहेरची फाइल घेत नाही. ते कुलूप आम्हीच मोठ्या अभिमानाने बसवून दिलं होतं.

"स्कॅनवाल्यांना त्यांच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांग, वहिनी."

"सांगते." ती दुसऱ्या फोनवर बोलली. उत्तर लगेच आलं. त्यांच्या मशीनमध्ये पुढचा पेशंट घेतला होता, तो बाहेर काढल्याशिवाय मागचं चित्र पडद्यावर येत नव्हतं.

"मग मी कपला फोन करते," मी म्हणाले. "त्याची शाळा तुमच्या पलीकडेच आहे. आमच्या कुलपाला चालतो असा पेनड्राइव्ह तुमच्या ऑफिसात असतो, तुला आता तिथून हलता यायचं नाही, तो घेऊन..."

कप म्हणजे माझा दादा. लहानपणी कुत्र्याने त्याच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेचा लचका तोडला. तेव्हापासून घरात त्याला 'टवका उडालेला कप' म्हणायचे. पुढे टवका गळून पडला, कप तेवढा राहिला. तो चित्रकला शिकवतो, पोरांसमोर रागावून दाखवतो आणि घरी आला की माझ्या ताटातलं उचलून खातो. बाहेर कुणाला हे नाव माहीत नाही.

"त्याला नको फोन करू," वहिनी म्हणाली.

"अगं, पळत येईल तो."

"तो उचलणार नाही. तू बोल. दुसरं काय करता येईल ते बोल."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. तासावर असेल, फोन बंद असेल, असं वाटलं.

"जुनी आवृत्ती!" नवरदेव म्हणाला. "कालपर्यंतची. ती आपण पुसत नाही, त्याच संगणकावर असते. ती उघडली तर तिला हा तुकडा लागतच नाही."

मी फोनकडे वाकले, तेवढ्यात साहेबांनी माझा हात धरला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"जुनी नको," ते म्हणाले. "त्या हॉस्पिटलचं स्कॅन मशीन नवीन आहे. त्याची चित्रं जुन्या आवृत्तीत उलटी दिसतात. म्हणूनच तर आज नवी पाठवली."

"उलटी म्हणजे? कशाच्या उलट?"

"उलटी म्हणजे उलटी. थोडक्यात, डावं-उजवं."

इथेच खरी अडचण होती. कारण स्कॅनचं चित्र मुळातच उलटं लावतात. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तसं. त्याचा उजवा कान आपल्या डावीकडे. सर्जनच्या डोळ्यांना तीच सवय असते. आमच्या जुन्या आवृत्तीत त्या उलट्याचं पुन्हा उलटं होत होतं. आता मी फोनवर 'चित्र उलटं दिसेल' म्हटलं तर बाई काय समजणार? नेहमीसारखं उलटं, की नेहमीच्या उलट? एका शब्दाचे दोन अर्थ, आणि त्यातला एक घेतला तर कवटी भलत्याच बाजूला उघडणार.

"कोपऱ्यात बाजूचं अक्षर असतं ना?" मी नवरदेवाला विचारलं.

"अक्षर जागेवर राहतं, चित्र तेवढं फिरतं." त्याने मान खाली घातली. "म्हणजे अक्षर खोटं बोलतं."

"आपण सांगितलं आणि चुकीच्या बाजूला..." साहेब म्हणाले.

"आपण नाही सांगितलं आणि पेशंट लिफ्टमध्येच..." मी म्हणाले.

साहेबांनी माझा हात सोडला. मग खाली बसले. "सांगा," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा. सगळं सांगा."

मी वहिनीला पायरी पायरीने नेलं. अमुक फोल्डर, त्यात 'मागील', त्यात आमचं निळं चिन्ह. तिच्या बोटांचा आवाज ऐकू येत होता. त्याच्यामागे एक यंत्र एका लयीत पिकपिक करत होतं, आणि ती लय मघापेक्षा संथ वाटत होती. ते खरं होतं की माझ्या मनाचा खेळ, हे मला आजही सांगता येणार नाही.

"इथे काहीतरी विचारतंय," वहिनी म्हणाली. "'आवृत्ती कालबाह्य आहे. कार्यवाही रद्द करायची?' खाली दोन बटणं आहेत. 'होय' आणि 'रद्द'. कुठलं दाबू?"

मी नवरदेवाकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. होय म्हणजे होय, रद्द करा. आणि रद्द म्हणजे रद्द करणं रद्द? त्या भाषांतरकाराच्या सात पिढ्यांचा मी मनातल्या मनात उद्धार केला.

"थांब वहिनी, हात लावू नकोस. नवरदेवा, बघून सांग. अंदाजाने नाही."

तो लॅपटॉपवर वाकला. कडक शर्ट पाठीला चिकटला होता. "होय दाबलं तर बंद पडेल," तो म्हणाला. "रद्द दाबायला सांग."

"वहिनी, रद्द."

"रद्द? अगं, नक्की?"

"नक्की. रद्द दाब."

क्षणभर नुसती पिकपिक. मग ती म्हणाली, "उघडलं. बाई, उघडलं!"

सर्जनबाईंचा आवाज फोनच्या जवळ आला. "दिसतंय. मोठा साठा आहे, एकाच बाजूला. कोपऱ्यातल्या अक्षराप्रमाणे डावीकडे. चला..."

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या खोलीतली माणसं उठून दारात आली. "बाई, ऐका. ते अक्षर खोटं आहे. ते बघूच नका. डावं-उजवं हे शब्दही आत्ता वापरू नका, आपला गोंधळ होईल. पेशंटच्या डोक्याला बाहेरून सूज आहे?"

"आहे."

"चित्रात कातडीखाली ती सूज दिसते?"

"दिसते."

"आणि रक्त? सुजेच्या बाजूला की समोरच्या?"

"सुजेच्याच बाजूला."

"मग चित्रावरून बाजू ठरवूच नका. पेशंटकडे बघा. सूज त्याच्या कुठल्या कानाकडे आहे, ते अंगावर हात ठेवून सांगा."

"कापडं टाकलीत, थांबा, काढून बघते..."

"कपाकडे," वहिनी म्हणाली. "सूज कपाकडे आहे."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. साहेब माझ्याकडे बघत होते, नवरदेवही. तिकडे सर्जनबाई म्हणाल्या, "कसला कप?"

मला कळलं होतं. त्या टेबलावर कोण आहे, तो फोन का उचलणार नव्हता, वहिनीचा आवाज असा सपाट का होता, सगळं एकदम कळलं. माझा दादा.  मी टेबलाची कड धरली. ओरडावं, आईला हाक मारावी, फोन फेकून द्यावा असं वाटलं.  पलीकडे वहिनीला जीभ घसरली हे समजलं होतं. मला कळलं, हेही समजलं होतं.

"उजवा," ती म्हणाली. शब्द अगदी सुटा सुटा. "उजवा कान. कानाच्या वर. वरची कड तुटकी आहे तोच."

"बाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुम्हीही हात लावून बघा. तुटक्या कडेचा कान सुजेच्या बाजूलाच आहे ना?"

कापड सरकल्याचा आवाज. "आहे. त्याच बाजूला."

"तो उजवा कान आहे. मला माहीत आहे. रक्त तिकडेच आहे. उजवीकडे उघडा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी त्याची बहीण आहे."

 "खूण करतेय, उजवीकडे," एवढंच ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

साहेबांनी गाडी काढली.  सबंध रस्ता प्रत्येक सिग्नलला ते हॉर्न वाजवत राहिले. थिएटरबाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात एक बाक होता, तिथे आम्ही बसलो. पार टोकाच्या दारावर लाल दिवा जळत होता. हॉस्पिटलच्या एका माणसाने येऊन सांगितलं की शाळेच्या ओल्या जिन्यावरून मास्तर पडले, उठून दोन शब्द बोलले, पोरांना हसून दाखवलं आणि मग झोपच यायला लागली त्यांना. वहिनीला बाहेर थांबायला सांगितलं होतं म्हणे. ती म्हणाली, तो संगणक दुसऱ्या कुणाला येतो का? कुणालाच येत नव्हता.

आईचे दोन फोन येऊन गेले. शाळेतून कुणीतरी तिला काहीबाही सांगितलं असणार. मी उचलले नाहीत. काय सांगणार होते मी तिला? काहीतरी चूक झाली?

"तुमचं ते लांब वाक्य," साहेब म्हणाले. "ते घेऊ. सगळंच्या सगळं घेऊ."

मी मान हलवली. डोकं दुसरीकडे लावावं म्हणून ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. काय बंद पडलंय. कशामुळे. काय शाबूत आहे. मी सकाळी हाच क्रम लिहिला होता, आणि त्यासाठी तावातावाने भांडलेही होते. पण दादा आत असताना ते मला पुढे वाचवेना.

दिवा विझला. व्हरांड्याच्या पार टोकाचं दार उघडलं आणि वहिनी बाहेर आली. मास्क गळ्यात लोंबत होता. मी उठले. ती तिथूनच, चालत यायच्याही आधी, म्हणाली,

"आहे."

मग ती जवळ आली. "आहे तो. रक्त काढलं सगळं. डावा हात अजून हलवत नाहीये. बोलेल कधी ते बाई सांगत नाहीत. आजची रात्र गेली पाहिजे म्हणाल्या."

हे सगळं मी ऐकलं. नीट, शब्दन् शब्द ऐकलं. तिने 'आहे'च्या आधी हाताचं सांगितलं असतं तर पुढचं माझ्या कानांत शिरलंच नसतं.

"मला का नाही सांगितलंस गं?" मी म्हणाले. मला तिचा भयंकर राग आला होता आणि मी तिला घट्ट धरलं होतं. "नुसतं पेशंट, पेशंट म्हणत बसलीस."

"सांगितलं असतं तर तू बटण नीट सांगितलं असतंस का मला?" ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. "मला नणंद नको होती तेव्हा. कप म्हटलं ते चुकून. तोंडातून गेलं."

साहेब उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्या हातातला फोन पुन्हा थरथरला. पडद्यावर 'आई'. वहिनीने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी उचलला.

"अगं काय झालंय? कुणी धड सांगत नाही मला..."

"आई," मी म्हणाले, "दादा आहे. आता खाली बस, आणि पुढचं ऐक."